सहा वर्षांची कंबरदुखी: एमआरआय, रोजची गोळी आणि ओट्यापाशी उभं राहणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५४. सहा वर्षांपूर्वी भरलेली बादली उचलताना कमरेत उसण भरली आणि तेव्हापासून कंबर आणि उजवी मांडी दुखतेच आहे. एमआरआयमध्ये कमरेच्या एल-४, एल-५ या मणक्यांमधली चकती (दोन मणक्यांमधली गादी) फुगलेली दिसते. एक डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, दुसरे म्हणाले अजिबात करू नका, तिसरे म्हणाले वय झालं, आता सोसायचं. रोज एक वेदनाशामक गोळी, कमरेला पट्टा, झोपायला लाकडी फळी. घरात निम्मे लोक त्यांना कशाला हात लावू देत नाहीत, निम्म्यांना वाटतं हे सगळं मनाचं आहे. आता नक्की काय करायचं?

मी मूळची भूलतज्ज्ञ, आणि बरीच वर्षं फक्त जुनाट दुखण्याचेच रुग्ण पाहते. त्यामुळे उत्तर लांबेल. घाई न करता वाचा, शक्य असेल तर आईंना वाचून दाखवा.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण ती चुकली तर पुढचं सगळं फोल. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पाऊल वर उचलता न येणं, चप्पल पायातून नकळत निसटणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. दुसरा गट जरा संथ असतो: संध्याकाळची कणकण, कारण नसताना घटणारं वजन, आडवं झाल्यावरही न थांबणारं, रात्री वाढणारं दुखणं. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजूनही सापडतो, आणि तो खोकला नसताना, छातीचा एक्स-रे स्वच्छ असतानाही होतो. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, बरेच महिने स्टिरॉइड घेतलं असेल, किंवा पाळी गेल्यानंतर साधं घसरल्यावर अचानक पाठ धरली असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगायचं. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही आणि एमआरआयमध्येही नाही. म्हणून पुढचं लिहिते.

आता तो एमआरआय. रिपोर्टची ती ओळ आईंना पाठ झाली असणार. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायका खुर्चीत बसायच्या आधी 'मणक्यात गॅप आहे' असं सांगतात. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा हिशेब मांडला होता. पन्नाशीच्या लोकांपैकी ८० टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्के जणांच्या फुगलेल्या. या सगळ्यांची कंबर ठणठणीत होती. म्हणजे तुमच्या इमारतीतल्या आईंच्या वयाच्या दहा निरोगी बायकांना उद्या मशीनमध्ये घातलं, तर साधारण सहा जणींच्या रिपोर्टवर हीच ओळ येईल. फुगलेली चकती कधीच त्रास देत नाही असं मी म्हणत नाही. ती नसेला टेकली तर गुडघ्याखाली, पोटरीतून पावलापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, आणि हे सगळं त्या नसेच्या ठरावीक पट्ट्यात होतं. आईंचा ठणका मांडीतच थांबतो, कळ जागा बदलते, कधी डावीकडेही जाते असं तुम्ही लिहिलंय. हे चित्र दबलेल्या नसेचं वाटत नाही.

मग सहा वर्षं दुखतंय का?

स्नायू, अस्थिबंध, चकतीचा बाहेरचा थर, यांची दुखापत भरून यायला साधारणपणे तीन महिने पुष्कळ होतात. त्यापलीकडे टिकलेल्या दुखण्याला आम्ही दीर्घकालीन वेदना म्हणतो आणि त्याचे नियम वेगळे असतात. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की वेदनेचा मारा होत राहिला की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच बदलतात. मग त्या कमी निरोपालाही जास्त उत्तर देतात, आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून पुढे पाठवतात. पाय कापावा लागलेल्या माणसाला त्या नसलेल्या पायाच्या अंगठ्यात आग होते, हे आम्ही वॉर्डात नेहमी पाहतो. तिथे अंगठाच नाही, दुखापत तर दूरच. तरी ती आग शंभर टक्के खरी असते. आईंच्या बाबतीतही जखम कधीच भरली असावी, पण वेदना वाहून नेणारी यंत्रणा अजून जागरूक राहिली आहे. झोप मोडली, घरात कटकट झाली, मुलाचा फोन आला नाही, की ती आणखी तिखट होते. म्हणून कालच्या भांडणानंतर आज कंबर जास्त दुखली तर त्याला शारीरिक कारण आहे. घरात जे 'मनाचं आहे' म्हणतात त्यांना हे जरूर समजावून सांगा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत हेही नोंदवलं, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. मला वाटतं, उपचाराची सुरुवात इथूनच होते. ज्या बाईला रोज स्वतःचं दुखणं सिद्ध करावं लागतं, तिला बरं वाटायची सोयच राहत नाही.

याचा व्यवहारात अर्थ एवढाच की दुखणं आणि नुकसान यांना एकच समजू नका. दुखलं म्हणजे आतमध्ये काही फाटलं, असं नाही. आणि इथेच मला त्या जुन्या सल्ल्याबद्दल बोलायचं आहे.

वाकू नका, खाली बसू नका, मांडी घालू नका, वजन उचलू नका. उसण भरली तेव्हा कोणीतरी हे सांगितलं असणार, आणि त्या पहिल्या दोन-चार दिवसांपुरतं ते ठीकही होतं. पण तो सल्ला कधी मागे घेतलाच गेला नाही. परिणाम काय होतो ते पाहा. आई जमिनीवर पडलेला चमचा उचलताना आधी श्वास रोखतात, एक हात ओट्यावर टेकवतात, पाठ फळीसारखी ताठ ठेवून गुडघ्यात मोडतात आणि उठताना तोंड वाकडं करतात. मी न पाहता सांगते आहे, पण बहुधा चुकत नसेन. त्या आखडून वाकण्यात पाठीचे स्नायू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ताणले जातात, आणि मग वाकल्यावर दुखतं ही समजूत दर वेळी खरी ठरते. मणक्याची रचनाच वाकण्यासाठी आहे. त्याला वाकू द्यायचं, पण टप्प्याटप्प्याने. खुर्चीवर बसून हात हळूहळू गुडघ्यांकडे, मग नडगीकडे, मग पावलांकडे सोडायचे, तोंडाने श्वास सोडत, पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. काही आठवड्यांनी हेच उभं राहून. त्यानंतर रिकामी पिशवी उचलायची, मग एक किलो तांदळाची. किती लवकर पुढे जायचं हे जवळच्या फिजिओथेरपिस्टने ठरवलेलं उत्तम, पण फिजिओ असा शोधा जो पहिल्याच दिवशी आईंना उभं करून हालचाल करायला लावेल. नुसता झोपवून मशीन लावणारा नको.

पट्टा आणि फळी दोन्हीला निरोप द्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि अफूवर्गीय वेदनाशामकं नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलं आहे. व्यायाम, समजावून सांगणं, मानसोपचाराच्या काही पद्धती आणि मसाज यांना जागा दिली आहे. पट्टा एकदम काढायची भीती वाटत असेल तर आधी घरात असताना काढा, मग बाजारात जातानाही. फळीचं म्हणाल, तर २००३ साली स्पेनमध्ये ३१३ लोकांवर चाचणी झाली होती. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. साधी कापसाची, नीट पिंजलेली गादी पुरे. त्यासाठी महागडी खरेदी करू नका.

आता मुख्य भाग, आणि यावर मी सगळ्यात जास्त जोर देते. जुनाट दुखण्याचा माणूस बहुतेक वेळा एका फेऱ्यात सापडलेला असतो. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस पडून राहायचं. दिवाळीच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात हे अगदी ठरल्यासारखं दिसतं. चकल्या, करंज्या, लाडू एका बैठकीत, कारण 'आज कंबर बरी होती'. दर वेळी पडून राहण्याचे दिवस थोडे वाढतात, स्नायूंची ताकद थोडी कमी होते, आणि दोन वर्षांत बाईचं जग स्वयंपाकघर ते पलंग एवढंच उरतं.

यातून बाहेर पडायचं तर काम किती करायचं हे दुखण्याने ठरवू नये, घड्याळाने ठरवावं. कसं ते ओट्याच्या उदाहरणाने सांगते. तीन दिवस फक्त मोजा: ओट्यापाशी उभं राहिल्यापासून दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं गेली. समजा पहिल्या दिवशी १८, दुसऱ्या दिवशी १२, तिसऱ्या दिवशी १५. सरासरी १५. त्यातला पाचवा हिस्सा वजा करा, उरली १२ मिनिटं. हा आईंचा पाया. उद्यापासून मोबाइलवर १२ मिनिटांचा गजर लावायचा. तो वाजला की गॅस बारीक करायचा आणि बाजूला व्हायचं, पोळी तव्यावर असेल तर ती उतरवून. दुखत असो वा नसो. मग पाच-सात मिनिटं काहीतरी वेगळं: स्टुलावर बसून भाजी निवडायची, गॅलरीत दोन फेऱ्या मारायच्या, कपडे घडी करायचे. पलंगावर आडवं व्हायचं नाही. नंतर पुन्हा १२ मिनिटं.

पहिले दहा दिवस आईंना हे बालिश वाटेल. 'अजून काहीच दुखत नाही, या दोन पोळ्या लाटून घेते' असं त्या म्हणतीलच. तिथेच थांबवायचं. दुखायच्या आधी थांबणं हाच यातला उपचार आहे, कारण उभं राहणं आणि कळ ही मज्जासंस्थेने वर्षानुवर्षं बांधलेली गाठ तेव्हाच सुटायला लागते. आठवडा नीट गेला की एक मिनिट वाढवा. १३, मग १४. वाईट दिवशीही तेवढंच करायचं, चांगल्या दिवशीही तेवढंच. या गतीने दोन महिन्यांत वीस मिनिटांच्या आसपास पोहोचता येतं, आणि वीस मिनिटांत चौघांच्या पोळ्या होतात. हाच हिशेब चालण्याला, जमिनीवर बसण्याला, एसटीच्या प्रवासाला लावा.

चालण्याबद्दल थोडं वेगळं. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक कंबरदुखीतून नुकतेच सावरले होते, म्हणजे आईंसारखे जुने रुग्ण नव्हते. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं त्यांचं दुखणं सर्वसाधारण २०८ दिवसांनी उलटलं, इतरांचं ११२ दिवसांनी. फायदा दुप्पट नसला तरी त्याच्या जवळपास, आणि खर्च चपलेचा. आईंनी सकाळच्या पाच-सहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालेल.

गोळ्यांबद्दल आता स्पष्ट बोलते. रोजची ती गोळी डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक असणार, बहुधा पॅरासिटामॉलसोबतची. अशी औषधं दुखण्याची उसळी आली की चार-पाच दिवस घ्यायला हरकत नाही, पोट आणि किडनी ठीक असेल तर. सहा वर्षं रोज घेणं ही वेगळी गोष्ट आहे. जठरात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, हृदयाला धोका वाढतो, किडनीवर भार येतो. आईंना रक्तदाबाचं औषध चालू आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखं औषध, त्यात लघवी वाढवणारी गोळी, आणि वर रोजची वेदनाशामक, हे त्रिकूट किडनीसाठी खरंच वाईट आहे. या आठवड्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, उद्या-परवावर ढकलू नका. औषधाच्या दुकानातून नाव सांगून गोळ्या आणणं बंद करा. आणि कोणी पुडीतलं, नाव-गाव नसलेलं 'सांधेदुखीचं चूर्ण' आणून दिलं, त्याने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत.

माझ्या अनुभवात या टप्प्यावर उपयोगी पडतात ती औषधं रात्रीची आणि कमी मात्रेची: ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, किंवा ड्युलोक्सेटिन. मोबाइलवर शोधलं की ही नैराश्याची औषधं म्हणून दिसतात आणि रुग्ण न सांगता बंद करतात. मेंदूतून मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे जे मार्ग उतरतात त्यांना ही औषधं बळ देतात, म्हणून आम्ही ती वापरतो. सगळ्यांना लागू पडत नाहीत. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा लघवीची अडचण असेल तर ॲमिट्रिप्टिलिन टाळावं लागतं, म्हणून स्वतःहून सुरू करू नका. प्रीगाबालिन किंवा ट्रामाडॉल आधीपासून चालू असेल तर एका झटक्यात बंद करू नका, डॉक्टरांकडून उतरत्या मात्रेत कमी करून घ्या. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ एकदा तपासा. कमी असेल तर भरून काढायचं, पण केवळ त्याने सहा वर्षांचं दुखणं जाईल ही आशा धरू नका.

ऑपरेशनबद्दल माझं मत: आता नको. पायात खरी नसेची कळ असेल, तपासणी आणि स्कॅन एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, किंवा पायाची ताकद कमी होत असेल, तेव्हा ऑपरेशन फार चांगलं काम करतं. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवरचा अभ्यास २००७ मध्ये आला, तो अशाच नसेच्या कळेच्या लोकांवर होता. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभरानंतर थांबलेले आणि ऑपरेशन केलेले जवळपास सारखेच होते. नुसत्या कमरेच्या जुनाट दुखण्यासाठी चकती काढून फारसं हाती लागत नाही. मणक्यातल्या इंजेक्शनचंही तसंच, ते पायातल्या कळेसाठी, तेही काही आठवडे-महिन्यांपुरतं.

झोप. आई रात्री किती वेळा उठतात हे आजवर कोणी विचारलं होतं का? मोडलेल्या झोपेनंतरच्या दिवशी दुखणं वाढतं, हे दुखण्यामुळे झोप मोडते यापेक्षा जास्त ठामपणे दिसतं. उठायची वेळ रोज एकच ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चहा चार नंतर नको. कूस बदलली की जाग येत असेल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

आता घरच्यांसाठी. आईंच्या हातातून झाडू, भांडी, सगळं काढून घेणारी सून आणि 'नाटक आहे' म्हणणारे दीर, दोघेही त्यांना सारखेच एकटं पाडतात, जरी पहिली हे मायेने करते. काम काढून घेऊ नका, वाटून घ्या. पीठ तुम्ही मळा, लाटतील त्या. आणि सकाळी उठल्याबरोबर 'आज कंबर कशी आहे?' हा प्रश्न विचारणं बंद करा. दिवस कमरेच्या मोजमापाने सुरू होतो. 'आज संध्याकाळी देवळापर्यंत येतेस का?' असं विचारा. त्यांनी भजनी मंडळ कधीपासून सोडलंय? मांडी घालता येत नाही म्हणून सोडलं असेल तर खुर्ची घेऊन जाऊ द्या, तिथे कोणी काही म्हणत नाही. आमच्या उपचारात मी पहिलं उद्दिष्ट अशाच गोष्टीचं ठेवते: तासभर भजनाला बसणं, नातवाला शाळेत सोडून येणं. दुखणं दहापैकी किती, हे नंतर.

इतकी वर्षं दुखत राहिलं की उमेद खचते. आई गप्प राहायला लागल्या असतील, जेवण कमी झालं असेल, 'आता जगून काय करायचं' असं एकदाही म्हणाल्या असतील, तर ते मनावर घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

उसळी येणार आहे, हे आधीच ठरवून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा दिवस असा येईल की कंबर पुन्हा पहिल्यासारखी धरेल आणि सगळे म्हणतील, बघ, काही उपयोग झाला नाही. त्या दिवसासाठी कागदावर लिहून फ्रिजला लावा: मिनिटं निम्मी करायची पण शून्य करायची नाहीत. पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर आधी आपल्या हाताने गरमी तपासून. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी तीन ते पाच दिवस. खुर्चीवरचं वाकणं चालूच. नवा एमआरआय नाही. सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या गटातलं (लघवी, बधिरपणा, पाऊल) कुठलंही लक्षण नसेल तर आठवड्याभरात पुन्हा जुन्या मिनिटांवर यायचं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फायलींचा गठ्ठा नेऊ नका. एका पानावर लिहा: सध्याची सगळी औषधं मात्रेसह, क्रिएटिनिनचा आकडा, रात्रीची झोप किती तास, ओट्यापाशी उभं राहण्याची मिनिटं महिन्यापूर्वी किती आणि आता किती. आणि त्यांना एवढंच विचारा: रोजची गोळी कमी कशी करायची, आणि झोपेसाठी काय देता येईल.